‘पित्त झालंय’ एवढ्याने भागत नाही

छातीतल्या जळजळीचे निदान डॉक्टर कसे करतात?



आपल्या बोलण्यात ‘पित्त’ या शब्दाइतका राबलेला शब्द दुसरा नसेल. छातीत जळजळले की पित्त. अर्धे डोके ठणकले आणि ओकारी होऊन उतरले की पित्त. अंगावर लाल गांध्या उठल्या तर ‘अंगावर पित्त उठलं’. उपास घडला, चहा जास्त झाला, एस.टी.त गाडी लागली, रात्री जागरण झाले, सगळ्यांचे नाव एकच. मांडवगण फराट्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर नदी ओलांडून दौंड तालुक्यातल्या कुठल्याही दवाखान्यात जा. केसपेपर काढून बाकावर बसलेल्यांपैकी कोणी ना कोणी आत जाऊन म्हणणारच, “डॉक्टर, पित्त झालंय, गोळी द्या.”

म्हणजे रोगाचे नाव आपणच ठरवले, औषधही आपणच ठरवले. मग त्या बिचाऱ्या डॉक्टरने करायचे काय?

मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु या गोष्टीचा अनुभव मला माझ्याच कामात रोज येतो. फोन येतो, “साहेब, ऊस पिवळा पडलाय, औषध सांगा.” आता ऊस काय एकाच कारणाने पिवळा पडतो? कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर बहुधा लोह कमी पडलेले असते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्राकडे पाहावे लागते. बेट धरून ओढल्यावर सहज हातात आले तर मुळ्या हुमणीने खाल्लेल्या असतात. आणि वाफ्यात पंधरा दिवस पाणी साचले असेल तर कसलेही औषध मारून उपयोग नाही, आधी चर काढला पाहिजे. बांधावर जाऊन बेट उपटून पाहिल्याशिवाय यातले काही समजत नाही. पोटाचेही तसेच आहे. म्हणून छातीतल्या जळजळीचे निदान डॉक्टर कसकसे करत जातात, हे मी जाणत्या डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले आणि वाचले, ते येथे सांगतो. ते कळले म्हणजे डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय लपवायचे नाही, हेही कळेल.

फुटव्हॉल्व्ह गळू लागला म्हणजे

घशापासून जठरापर्यंत अन्ननलिका असते. लांबी साधारण एक वीत, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते सैल होते, घास खाली उतरला की आवळते. आपल्या विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतो ना, काही जण ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात, त्याच जातीचे हे काम. एका बाजूने जाऊ द्यायचे, परत येऊ द्यायचे नाही. तो गळका झाला की पाइपातले पाणी उतरते आणि पंप पाणी धरत नाही. इथे कडे ढिले पडले की जठरातले आम्ल उलटे वर चढते.

हे आम्ल भलतेच तीव्र. माती परीक्षणाच्या अहवालात तुम्ही सामू पाहता. भीमाकाठच्या आपल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो आणि चोपण झालेल्या रानाचा त्याहून वर. सात म्हणजे ना आंबट ना खारट. सातापासून खाली आम्लता वाढत जाते. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या जवळपास, आणि जठरातल्या आम्लाचा एक ते दोन. जठराला आतून बुळबुळीत असे संरक्षक अस्तर असते, म्हणून ते आम्ल सहन करते. अन्ननलिकेला तसे अस्तर नाही. तिथे ते आम्ल पुन्हा पुन्हा लागले की जळजळ होते आणि पुढे जखमाही होतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजचे डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठते. ते हिरवट-पिवळे आणि कडू असते. तोंडात येते ते आंबट पाणी म्हणजे हे पित्त नव्हे, ते जठरातले आम्ल. आपल्या जुन्या वैद्यांनी ‘माधवनिदान’ या ग्रंथात अम्लपित्ताचे वेगळे प्रकरण करून आंबट-कडू ढेकर, छातीत आणि कंठात दाह ही लक्षणे सांगितली आहेत. म्हणजे आंबटपणा त्यांनीही नावातच धरला होता. आपण बोलता बोलता ‘अम्ल’ गाळले आणि नुसते ‘पित्त’ ठेवले. पाश्चात्त्य वैद्यकात मात्र जठरातल्या आम्लाने अन्ननलिका सोलवटते हा वेगळा आजार आहे, अशी स्पष्ट मांडणी न्यूयॉर्कच्या डॉ. ॲशर विंकेलस्टीन यांनी १९३५ साली केली.

डॉक्टर आधी विचारतात, तपासण्या नंतर

या आजाराचे निदान मुख्यतः विचारपूस करूनच होते, हे ऐकून काहींना नवल वाटेल. एकही यंत्र न लावता जाणता डॉक्टर बराचसा अंदाज बांधतो. अट एवढीच की आपण नीट सांगितले पाहिजे.

पहिला प्रश्न, नेमके कुठे होते? या आजाराचा रोगी बहुधा तळहात बेंबीच्या वर ठेवतो आणि छातीच्या हाडामागून गळ्याकडे सरकवत नेतो. दुसरा प्रश्न, केव्हा होते? जेवणानंतर तासाभरात, आडवे झाल्यावर, किंवा वाकल्यावर वाढत असेल तर डॉक्टरांचा संशय बळावतो. आपल्या कामात वाकणे काय थोडे आहे! दुपारची भाकरी खाऊन लगेच खुरपायला बसलेल्या बाईच्या घशाशी आंबट पाणी येते. रात्री पोटभर जेवून दारे धरायला गेलेला माणूस वाफा फोडायला वाकला की त्याचेही तसेच होते. पण डॉक्टर विचारतात तेव्हा आपण म्हणतो, “असंच होतंय, कधी पण.” वाकल्यावर होते, हा एक शब्द सांगितला असता तर त्याची किंमत एका तपासणीइतकी असते.

तिसरे, आठवड्यातून किती वेळा? सणावाराला पुरणपोळी जास्त झाली आणि एखादी रात्र जळजळले, याला कोणी आजार म्हणत नाही. आठवड्यातून दोन-दोन दिवस होऊ लागले, झोपमोड होऊ लागली, कामात अडथळा येऊ लागला, तर तो आजार. रात्री ठसका लागून जाग येते का, सकाळी आवाज बसलेला असतो का, जुना खोकला आहे का, हेही डॉक्टर विचारतील. त्यांना वेड लागलेले नाही. आम्ल वर चढून घशापर्यंत गेले की असेही होते.

मग सवयींची चौकशी येते, आणि येथेच आपले लोक बुजतात. तंबाखू, विडी, दारू, बायकांची मिश्री. भगिनींनो, डॉक्टरांपुढे मिश्री लपवण्यात काय मिळवायचे आहे? तंबाखूने ते स्नायूंचे कडे ढिले पडते. औषधाच्या दृष्टीने ही माहिती रक्ताच्या तपासणीइतकीच कामाची आहे.

आणि गोळ्या. कंबर धरली, गुडघा दुखला, की मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून खायची ही आपल्याकडची रोजची रीत. ऊसतोडीच्या आणि कांदा लागवडीच्या दिवसांत तर ती चहाबरोबर घेतली जाते. या गोळ्यांनी जठराला व्रण पडतात, आणि त्या व्रणाची आग आणि आम्ल वर चढल्याची जळजळ रोग्याला एकसारखीच वाटू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कडे ढिले पडते. म्हणून घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावी हे उत्तम. “एक पांढरी गोळी आहे, बारकी” असे सांगून काही बोध होत नाही.

छाती म्हटली की आधी हृदय

आता जे सांगतो ते घरातल्या सगळ्यांनी ऐकावे, बाकीचे विसरले तरी चालेल.

छातीत जळजळ किंवा दुखणे घेऊन माणूस आला की शहाणा डॉक्टर आधी पोटाचा विचार करत नाही. तो आधी हृदयाचा विचार करतो. अन्ननलिका आणि हृदय शेजारी शेजारी आहेत आणि दोहोंच्या वेदना मेंदूला जवळपास सारख्याच वाटतात. चालल्यावर, ओझे उचलल्यावर दुखणे वाढते, थांबल्यावर कमी होते. डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ जाते. दरदरून घाम येतो, दम लागतो. ही हृदयाची चिन्हे. पण प्रत्येकात ती अशी पुस्तकाप्रमाणे दिसत नाहीत. बायकांमध्ये, मधुमेहाच्या रोग्यांमध्ये आणि म्हाताऱ्या माणसांमध्ये तर नुसती मळमळ, थकवा आणि पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा, एवढ्यावरच हृदयविकाराचा झटका येऊन जातो.

नदीकाठच्या एका गावातली गोष्ट माझ्या माहितीतली आहे, नाव सांगत नाही. माणूस पंचेचाळिशीचा, धट्टाकट्टा. रात्रपाळीची वीज, त्यात बिबट्याचा धाक, म्हणून तिघे मिळून दारे धरायला गेलेले. मध्यरात्री त्याच्या छातीत जळजळायला लागले. जवळच्या वस्तीवरून खाण्याचा सोडा आणला, पाण्यातून प्यायला. दोन मोठे ढेकर आले, बरे वाटले. पुन्हा फावडे हातात घेतले. तासाभराने पुन्हा तेच, पुन्हा सोडा. पहाटे अंग घामाने भिजले तेव्हा बरोबरच्या भावाने ऐकले नाही, गाडीत घालून शिरूरला नेले. कार्डिओग्राम काढला तर हृदयविकाराचा झटका. वेळेत पुण्याला पोचला म्हणून आज तो आपल्यात आहे. त्याचे म्हणणे एकच होते, “अहो, ढेकर येऊन बरं वाटत होतं की!”

हीच फसगत आहे. सोड्याने किंवा पोटाच्या औषधाने बरे वाटले म्हणजे दुखणे हृदयाचे नव्हते, असे मुळीच ठरत नाही. डॉक्टरही त्यावर विसंबत नाहीत. ते कार्डिओग्राम काढतात. तो एकदा चांगला आला तरी संशय असेल तर काही वेळाने पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे पाहण्यासाठी रक्त तपासतात. “पित्तासाठी आलो आणि हृदयाची पट्टी काढून पैसे लावले” अशी कुरकुर मी ऐकली आहे. असे करणाऱ्या डॉक्टरचे खरे तर आभार मानावेत. छातीत दुखून घाम सुटला तर सोडा शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा. ती रुग्णवाहिका फुकट येते.

गोळीची परीक्षा

हृदयाची शंका नाही, विचारपुशीतून आम्लाचाच आजार वाटतो आणि कोणतेही भीतीचे लक्षण नाही, अशा वेळी डॉक्टर लगेच मोठ्या तपासणीला पाठवत नाहीत. जठरात आम्ल तयार होणे कमी करणारी गोळी देतात, पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल वगैरे. चार ते आठ आठवडे घ्या म्हणतात. हे औषधही आहे आणि परीक्षाही. नियमित घेऊन जळजळ गेली तर निदान बरोबर असण्याचा संभव वाढतो. फरक पडला नाही तर डॉक्टर वेगळा विचार करू लागतात.

पण ही परीक्षा आपण पार पडू देत नाही. गोळी घ्यायची सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, रोज. आपण घेतो जळजळले की, जेवणावर. दोन दिवसांनी बरे वाटले की बंद. त्यातच शेजारणीने दिलेला काढा, मेडिकलमधले गुलाबी औषध आणि इनोची पुडी. आमच्या खात्यात प्रात्यक्षिक प्लॉट घेतात तेव्हा एका वाफ्यात एकच बदल करतात. तीन खते आणि दोन फवारण्या एकदम केल्या तर पीक सुधारले तरी कशाने सुधारले ते परमेश्वरालाच ठाऊक. इथेही तसेच. आणि दुसऱ्या टोकाची माणसेही आहेत, मेडिकलमधून तीच गोळी आणून पाच-पाच वर्षे डॉक्टरला न विचारता खाणारी. गोळीने लक्षण दबलेले राहते आणि खाली काय वाढते आहे ते कळत नाही.

गोळीने बरे वाटले म्हणजे निदान शंभर टक्के पक्के, असेही नाही. जठरातला व्रणही याच गोळीने शांत होतो. डॉक्टर हे जाणून असतात, म्हणून पुन्हा बोलावतात. त्या दुसऱ्या खेपेला जाणे आपल्याकडे बहुतेक जण टाळतात.

कोणत्या लक्षणांवर थांबायचे नाही

काही लक्षणे अशी आहेत की ती असतील तर गोळीची परीक्षा करत बसायचे नसते. घास अडकणे हे त्यातले मोठे. आधी भाकरी अडकते, मग माणूस भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतो, मग नुसता भात, मग पेज. घरच्यांना वाटते दात नाहीत म्हणून मऊ खातो. ही उतरती पायरी दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा; अन्ननलिकेच्या कर्करोगाची सुरुवात अशीच होते, आणि तंबाखू खाणाऱ्यांत त्याचा धोका अधिक. कारण नसताना वजन उतरणे, वारंवार ओकाऱ्या, ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळे, डांबरासारखी काळी चिकट शौच, पंडुरोग, आणि पन्नाशी-साठीच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांतही दुर्बिणीची तपासणी लवकर करावी लागते. मात्र लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी शौच काळी होते. म्हणून ‘आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या घेते’ हे डॉक्टरांना सांगावे.

भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. घरात सगळ्यांचे झाल्यावर, रात्री साडेनऊ-दहाला उरलेले खायचे, भांडी घासायची आणि लगेच अंग टाकायचे. जळजळ झाली की ‘मला पित्ताचा त्रास आहेच’. डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या पडल्या, जिना चढून दम लागला, तरी तेही पित्तातच जमा. डॉक्टर पापणी ओढून पाहतात आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासतात, ते पोटात कुठे रक्त झिरपते आहे काय हे कळावे म्हणून. गरोदरपणात जळजळ होणे मात्र सर्रास आढळते. तिथे डॉक्टर सहसा विचारपुशीवरच निदान करतात. तान्हे मूल दूध पिऊन थोडे ओकते, पण खेळते आहे आणि वजन वाढते आहे, तर त्यालाही आजार समजत नाहीत. हिरवी ओकारी किंवा वजन न वाढणे असेल तर मात्र लगेच दाखवावे.

दुर्बीण

आपले लोक एंडोस्कोपीला ‘दुर्बीण’ म्हणतात, आणि शब्द चांगला आहे. या दुर्बिणीमागे एक भारतीय डोके आहे. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये प्रा. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकवून नेता येते हे दाखवले आणि १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावर अमेरिकेत डॉ. बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये वाकणारी दुर्बीण वापरून जठर पाहिले. त्याआधी सरळ ताठ नळ्या घालाव्या लागत. रोग्याचे काय होत असेल, कल्पनाच करा! कपानी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आजच्या दुर्बिणीच्या टोकाला तर चिमुकला कॅमेराच असतो.

लोक तिला फार भितात. म्हणून काय करतात ते सांगतो. सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवायला सांगतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवतात, दातांमध्ये एक प्लॅस्टिकचे कडे देतात. करंगळीएवढी जाड, मऊ नळी गिळायला सांगतात. उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी येते, लाळ गळते, हे खरे. पण श्वास कोंडत नाही, कारण नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही. पाच-दहा मिनिटांत काम होते. गरज वाटल्यास आतला बारीक तुकडा तपासायला काढतात, तो काढताना दुखत नाही. ‘तुकडा काढला म्हणजे कॅन्सरच’ ही पारावरची चर्चा खोटी आहे. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत काही खायचे-प्यायचे नाही, नाहीतर ठसका लागतो. झोपेचे इंजेक्शन दिले असेल तर त्या दिवशी मोटारसायकलला हात लावू नये आणि बरोबर एक जाणता माणूस असावा.

अहवालात ‘ग्रेड ए’, ‘ग्रेड बी’ असे लिहिलेले असते. अन्ननलिकेतल्या जखमा किती मोठ्या, यावरून ए पासून डी पर्यंत चार पायऱ्या केल्या आहेत. पाच मिलिमीटरपेक्षा लहान ओरखडा असेल तर ए. नलिकेच्या घेराचा तीन-चतुर्थांश किंवा अधिक भाग सोलवटला असेल तर डी. ए एवढ्यावर डॉक्टर आजार पक्का धरत नाहीत, कारण चांगल्या माणसातही तेवढे कधी दिसते. बी आणि त्यापुढचे मात्र पक्के मानतात. ‘गॅस्ट्रायटिस’ हा शब्द तर पुष्कळ अहवालांत असतो. तो जठराविषयी आहे, आम्ल वर चढते की नाही हे त्यावरून ठरत नाही. तसेच ‘एच. पायलोरी’ या जंतूची तपासणी व्रणासाठी असते. या जंतूच्या शोधाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तो सापडला म्हणून जळजळ त्यामुळेच, असे नाही.

आणि सोनोग्राफी? ‘सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आहे, तरी जळजळतंय’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर ती करावीच. पण अन्ननलिकेतली जळजळ तिच्यात दिसत नाही.

दुर्बीणही नॉर्मल आली तर

येथे रोगी आणि घरचे दोघेही वैतागतात. “एवढे पैसे घातले आणि काही निघालं नाही!” आता खरी गोष्ट ऐका. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रोग्यांत दुर्बिणीतून एकही जखम दिसत नाही. आम्ल वर चढते, जळजळ होते, पण जखम नसते. म्हणजे नॉर्मल अहवालाने आजार नाही असे ठरत नाही. गंभीर काही नाही, एवढे मात्र समजते, आणि ते काही थोडे नव्हे.

गोळीने फरक नाही, दुर्बीण नॉर्मल, आणि त्रास चालूच, अशा वेळी पुण्यासारख्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात चोवीस तासांची सामू-तपासणी करतात. आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतला सामूमापक तुम्ही पाहिला असेल. त्याचेच हे बारीक भावंड. नाकातून शेवयाएवढी बारीक तार अन्ननलिकेत सोडतात. तिचे टोक त्या कड्याच्या पाच सेंटिमीटर वर राहते. कमरेला एक डबी बांधतात आणि घरी पाठवतात. नेहमीसारखे जेवायचे, झोपायचे, काम करायचे. जळजळले की डबीवरचे बटण दाबायचे आणि कधी जेवलो, कधी आडवे झालो ते लिहून ठेवायचे. सामू चारच्या खाली जितका वेळ राहिला तितका वेळ आम्ल वर होते, असा हिशेब. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी फ्रान्समधल्या लिआँ शहराच्या नावाने जी मोजपट्टी प्रसिद्ध केली तिच्याप्रमाणे चोवीस तासांपैकी सहा टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे सुमारे ८६ मिनिटांहून जास्त, सामू चारच्या खाली असेल तर आजार नक्की. चार टक्क्यांहून, म्हणजे सुमारे ५८ मिनिटांहून कमी असेल तर ते प्राकृत. मधल्या पट्ट्यात डॉक्टर इतर पुरावे पाहतात. काही जणांत असे निघते की आम्ल मुळीच फारसे चढत नाही, अन्ननलिकाच फार नाजूक, हळवी झालेली असते. त्यांना आम्लाच्या गोळ्या वाढवत नेऊन उपयोग नसतो. आणखी एक तपासणी अन्ननलिकेच्या दाबाची असते. शस्त्रक्रिया करायची ठरली तर ती आधी करतात. बेरियम पाजून एक्स-रे काढणे या आजाराच्या निदानासाठी आता फारसे वापरत नाहीत; घास अडकत असेल किंवा जठराचा भाग वर सरकला असेल तर ते उपयोगी पडते.

कुठे जावे, काय न्यावे

सुरुवात मांडवगणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच करावी. थेट पुण्याला धावायची गरज नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. पुण्याचे ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तेथील शुल्काचे नियम निराळे. जाण्याआधी चौकशी करावी.

जाण्यापूर्वी आठवडाभर दूध डेअरीच्या कार्डामागे किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपण ठेवा. कोणत्या दिवशी जळजळले, जेवणानंतर किती वेळाने, वाकताना की निजल्यावर की चालताना, सोबत घाम किंवा दम होता का. चार ओळी पुरेत, लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. औषधांची रिकामी पाकिटे, जुने अहवाल, जुने कार्डिओग्राम बरोबर घ्या. दुर्बीण किंवा सामूची तपासणी ठरली तर आम्ल कमी करणारी गोळी काही दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, कारण ती चालू असताना जखम भरलेली दिसते. किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांनाच विचारा. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने एक दिवसही चुकवू नका. ती चालू आहे एवढे दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, मग ते सांगतील तसे करा.